इस्पितळ पाहावं बांधून!

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण ज्याने पाडली, त्याने इस्पितळ नक्कीच बांधलेलं नव्हतं. बांधलं असतं तर घर आणि लग्न दोन्ही त्याला भातुकली वाटली असती. घरात देवघर आणि मोरी जमली की निम्मं काम झालं. इस्पितळात किरणांना भिंतीबाहेर पडू द्यायचं नाही, ऑपरेशन थिएटरमधली हवा तासाला वीस-वीस वेळा बदलायची, ऑक्सिजनचा नळ खाटेखाटेपाशी न्यायचा आणि वीज क्षणभरही जाऊ द्यायची नाही. तरी जगभरचा पैसा या बांधकामाकडे धावतोय. कोणी बांधलं, कोणी पैसे घातले, कोण तरलं आणि कोणाचे हात पोळले, त्याचे हे सोळा मासले. चहा निवायच्या आत वाचून होतील.

१. पार्सलने आलेलं इस्पितळ

क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैनिक गोळीपेक्षा रोगराईने जास्त मरत होते. फेब्रुवारी १८५५ मध्ये रेल्वे आणि पूल बांधणाऱ्या इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल या इंजिनिअरला सांगावा आला, की इस्पितळ हवंय आणि ताबडतोब हवंय. पठ्ठ्याने लाकडी वॉर्डांचे सुटे भाग इंग्लंडातच तयार करून घेतले, जहाजांवर चढवले आणि दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीकाठी रेंकिओईला जोडायला धाडून दिले. कागदावरच्या पहिल्या रेघेपासून माल जहाजावर चढेपर्यंत पाच महिने लागले. हवा खेळती राहावी आणि घाण पाणी वाहून जावं, याची आखणी त्याने आधीच केली होती. तिथे साधारण १,३०० रुग्णांवर उपचार झाले आणि त्यातले फक्त ५० दगावले. परदेशात इस्पितळ बांधून देण्याच्या धंद्याचा मूळपुरुष शोधायचा झाला, तर तो हाच.

२. दहा दिवस, हजार खाटा

२३ जानेवारी २०२० ला चीनच्या वुहान शहरात खोदकाम सुरू झालं आणि २ फेब्रुवारीला हुओशेनशान रुग्णालय हजार खाटांसह ताब्यात दिलं गेलं. गुपित तेच, ब्रुनेलचं. खोल्या कारखान्यात तयार करायच्या आणि जागेवर आणून जोडायच्या. लॉकडाऊनमध्ये अडकलेले कोट्यवधी चिनी लोक हे काम थेट प्रक्षेपणात पाहत बसले होते. फोर्कलिफ्टना आणि सिमेंट कालवणाऱ्या गाड्यांना त्यांनी लाडकी नावंसुद्धा ठेवली. हसू नका, जेमतेम वर्षभर आधी आपल्याकडे जेसीबीची खोदाई पाहायला अख्खा देश मोबाइलवर जमला होता!

३. कॅनडाच्या बाईंची पेन्शन, पुण्याचं बिल

पुण्यातल्या सह्याद्री हॉस्पिटल्सचे मालक काही वर्षं कोण होते? कॅनडातल्या ओंटारियो प्रांताचे शाळामास्तर. अगदी शब्दशः नाही, पण त्यांच्या पेन्शनचा पैसा सांभाळणाऱ्या ओंटारियो टीचर्स या फंडाने २०२२ मध्ये पुणे, नाशिक, कराडकडे पसरलेली ही साखळी विकत घेतली. २०२५ मध्ये ती मणिपाल हॉस्पिटल्सला विकायचं ठरलं. व्यवहार साधारण ६,४०० कोटी रुपयांचा असल्याच्या बातम्या आल्या. खुद्द मणिपालमध्ये सर्वांत मोठा वाटा सिंगापूर सरकारच्या टेमासेक या कंपनीचा आहे. म्हणजे कर्वे रोडवर कोणी ॲपेंडिक्स काढून घेत होतं, तेव्हा टोरांटोतल्या कुणा निवृत्त बाईंच्या पेन्शनला चिमूटभर हातभार लागत होता.

पेन्शन फंडांना इस्पितळं का आवडतात? त्यांना तीस-चाळीस वर्षं पैसे देत राहायचं असतं, आणि माणसं तीस-चाळीस वर्षांनीही आजारी पडणारच असतात.

४. परळ ते टोकियो, व्हाया क्वालालंपूर

परळचं ग्लेनईगल्स हॉस्पिटल मलेशियाच्या आयएचएच या बलाढ्य समूहाचं. तुर्कस्तानातली अजिबादेम ही साखळीही त्यांचीच आणि २०१८ मध्ये भारतातल्या फोर्टिसचा मोठा हिस्साही त्यांनीच घेतला. आयएचएचमध्ये सर्वांत मोठा भागधारक कोण? मित्सुई, म्हणजे पोलादापासून वायूपर्यंत कशाचाही व्यापार करणारी जपानी कंपनी.

कोल्हापूरकरांनी गालातल्या गालात हसू नये. तुमच्या ‘ॲस्टर आधार’मधला ‘ॲस्टर’ही दुबईहून आलाय. डॉ. आझाद मूपेन यांनी १९८७ मध्ये तिथे एक दवाखाना थाटला, त्याच रोपट्याची ही फांदी.

५. बुडत्याला परदेशी पेशंटचा आधार

बँकॉकच्या बुमरुंगराड रुग्णालयाने १९९७ च्या सुरुवातीला टोलेजंग नवी इमारत उघडली. कर्ज डॉलरमध्ये होतं. २ जुलैला थायलंडचं चलन, बात, कोसळलं. स्थानिक श्रीमंतांचे खिसे रिकामे झाले, कर्जाचा डोंगर मात्र रातोरात फुगला. मग व्यवस्थापनाने हिशेब उलटा मांडला. बात स्वस्त झाला म्हणजे परदेशी माणसाला आपलं ऑपरेशन स्वस्त झालं! दुभाषे नेमले, आखातातले आणि शेजारच्या देशांतले रुग्ण आणले. आज ‘मेडिकल टुरिझम’ म्हटलं की पहिल्या दमात हेच नाव निघतं. सोन्याची कोंबडी सापडली, पण ती गळ्याला फास बसल्यावर.

६. मायामीच्या दारात बंगळुरू

अमेरिकेच्या मायामीहून विमानाने दीड तासाच्या आत केमन बेटं येतात. २०१४ मध्ये तिथे हेल्थ सिटी नावाचं रुग्णालय सुरू झालं. बांधलं कोणी? बंगळुरूच्या डॉ. देवी शेट्टी यांच्या नारायण हेल्थने, एका अमेरिकन भागीदारासोबत. अमेरिकेच्या मानाने स्वस्तात हृदयाची शस्त्रक्रिया, हे साधं गणित. त्यासाठी केमन सरकारने भारतीय डॉक्टरांच्या पदव्यांना मान्यता देण्यापासून कायद्यात सोयी करून दिल्या. २०२५ मध्ये याच नारायणने ब्रिटनमधली प्रॅक्टिस प्लस ग्रुपची रुग्णालयं विकत घेतल्याचं जाहीर केलं. कंपनी सरकारच्या जमान्यातल्या कुणा गोऱ्या साहेबाला हे स्वप्नातही दिसलं नसतं.

७. डोलणारी इमारत

इस्तंबूलच्या चाम वे साकुरा रुग्णालयाच्या नावातलं ‘चाम’ म्हणजे पाइन, तुर्कांचा, आणि ‘साकुरा’ म्हणजे चेरीचा बहर, जपान्यांचा. तुर्की रोनेसान्स आणि जपानी सोजित्स यांनी मिळून २०२० मध्ये २,६८२ खाटांचं हे रुग्णालय उभं केलं. खरी गंमत जमिनीखाली आहे. इमारत थेट पायावर बसलेलीच नाही. ती दोन हजारांहून जास्त ‘आयसोलेटर’वर टेकली आहे. हे आयसोलेटर म्हणजे पोलादाच्या खोलगट थाळ्यांवर सरकणाऱ्या बैठका. भूकंपात जमीन झटके देते, पण थाळी घसरते आणि वरची इमारत झोपाळ्यासारखी संथ डुलते. भूकंपप्रवण भागांतल्या शंभराहून जास्त खाटांच्या रुग्णालयांना तुर्कस्तानने २०१३ मध्येच हे सक्तीचं केलं होतं. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भीषण भूकंपात इस्केंदेरुनच्या सरकारी रुग्णालयाची इमारत पडली. अदानाचं आयसोलेटरवरचं रुग्णालय मात्र काम करत राहिलं.

आपल्याकडे हा धडा भुजने गिरवला. २००१ च्या भूकंपात तिथलं जुनं इस्पितळ जमीनदोस्त झालं. नवं बांधलं ते न्यूझीलंडमध्ये शोध लागलेल्या, शिसं आणि रबराच्या आयसोलेटरवर.

८. आज घ्या, नातवंडं फेडतील

नव्वदच्या दशकात ब्रिटनने एक शक्कल काढली. रुग्णालय खासगी कंपनीने बांधायचं, तिनेच त्याची देखभाल करायची आणि सरकारने पंचवीस-तीस वर्षं हप्ता भरायचा. नाव पीएफआय. फीत आज कापायची, पैसे पुढच्या सरकारांनी द्यायचे. कोणत्या मंत्र्याला नको वाटेल? शाळा, तुरुंग, इस्पितळं मिळून असे सातशेवर करार झाले. सुमारे ६० अब्ज पौंडांची बांधकामं आणि पुढे भरायचे हप्ते १९९ अब्ज पौंडांचे, असा हिशेब तिथल्या लेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये मांडला. हप्ते २०४० नंतरही चालू राहणार! त्याच वर्षी अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी नव्या करारांवर फुली मारली. आपल्या भाषेत याला उधारीचं लग्न म्हणतात. वऱ्हाड जेवून जातं, सावकार मुक्कामाला राहतो.

९. पेशंट शून्य, मीटर चालू

एडिंबराचं मुलांचं नवं रुग्णालय ९ जुलै २०१९ ला गजबजणार होतं. पाच दिवस आधी आरोग्यमंत्र्यांनी कुलूप घातलं. अतिदक्षता विभागातली हवा तासाला दहा वेळा बदलायला हवी होती, बदलत होती चार वेळा. चूक कुठे झाली म्हणून उकरत गेले, तर थेट २०१२ च्या एका एक्सेल तक्त्यापर्यंत पोचले. एका रकान्यातला आकडा चुकला होता आणि सात वर्षं तो कुणाच्या डोळ्याला टोचला नाही. मुलं तिथे राहायला गेली ती २०२१ च्या मार्चमध्ये. मधल्या काळात रिकाम्या इमारतीसाठी ती बांधणाऱ्या खासगी कंपनीला महिन्याला सुमारे १४ लाख पौंड जात होते, कारण करारात तसं लिहिलं होतं. तक्ते तपासणाऱ्या ज्युनिअरला आपण उगाच हसतो.

१०. ठेकेदार गेला, खांब राहिले

१५ जानेवारी २०१८ ला कॅरिलियन ही ब्रिटनची अवाढव्य बांधकाम कंपनी बुडाली. तिच्या हातात दोन मोठी रुग्णालयं अर्धवट होती. लिव्हरपूलच्या इमारतीचे तुळयांपासूनचे दोष मग एकेक करून बाहेर आले. ती उघडली २०२२ मध्ये. बर्मिंगहॅमजवळची मिडलँड मेट्रोपॉलिटन २०१८ मध्ये व्हायची होती, तिला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. अर्धवट इमारत पुन्हा हातात घेणं नवी बांधण्यापेक्षा अवघड असतं. दुसऱ्याने अर्धं शिवलेलं ब्लाउज पुरं करायला कोणता शिंपी तयार होतो?

११. अंदाज अपना अपना

डब्लिनच्या राष्ट्रीय बालरुग्णालयाचा खर्च २०१७ मध्ये ९८ कोटी युरोंच्या घरात मंजूर झाला. २०१९ पर्यंत तो १४३ कोटींवर गेला आणि २०२४ मध्ये सरकारने २२४ कोटींवर मान डोलावली. तिकडचे लोक त्याला जगातलं सर्वांत महाग बालरुग्णालय म्हणतात. काम सुरू झालं तेव्हा बारीकसारीक आराखडे पुरे झालेले नव्हते, हे मूळ दुखणं. आधी भिंती, मग विचार, असं केलं की इंटिरिअरवाला जे करतो, तेच इथे झालं. फक्त शून्यं जास्त होती.

१२. एका इमारतीत देशाची तिजोरी

दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेला लेसोथो हा चिमुकला देश. २०११ मध्ये राजधानी मासेरूत खासगी भागीदारीतलं झकास रुग्णालय उघडलं, क्वीन ममोहातो. उपचार सुधारले, गर्दी वाढली आणि कराराप्रमाणे बिलही वाढलं. देशाच्या आरोग्य खर्चातले ५१ टक्के पैसे हे एकटं रुग्णालय खातंय, असा आरोप ऑक्सफॅमने २०१४ मध्ये केला. त्या आकड्यावरून बरंच वाजलं. १८ वर्षांचा करार सरकारने २०२१ मध्ये मुदतीआधीच मोडला. हत्ती पाळायला हरकत नाही, पण माहुताशी चारा कुणी घालायचा हे आधी ठरवावं.

१३. डॉक्टर एकाचे, भिंती दुसऱ्याच्या

तुम्ही ज्या इस्पितळात पडलाय, त्याची भिंत त्या इस्पितळाची असेलच असं नाही. इमारत विकायची, हातात रोकड घ्यायची आणि त्याच इमारतीत भाडेकरू म्हणून राहायचं, ही जगभर रुळलेली चाल. इमारत घेणाऱ्या संस्थेला ‘रीट’ म्हणतात. तिचे तुकडे तुम्ही-आम्ही शेअरसारखे घेऊ शकतो आणि भाड्यातला वाटा मिळतो. सिंगापूरची पार्कवे लाइफ २००७ पासून शांतपणे हेच करतेय.

अमेरिकेत मात्र याचा कडू घोट गिळावा लागला. स्टुअर्ड हेल्थ केअरने २०१६ मध्ये आपल्या इमारती मेडिकल प्रॉपर्टीज ट्रस्टला सव्वा अब्ज डॉलरला विकल्या, मग भाड्याचं ओझं वाढत गेलं आणि मे २०२४ मध्ये तिने दिवाळं काढलं. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधली तिची दोन रुग्णालयं बंद झाली. घरमालकाचं भाडं थकलं की सामान रस्त्यावर येतं. इथे रस्त्यावर आले ते पेशंट.

१४. छतातून उतरणारा पाहुणा

एमआरआय यंत्रातलं चुंबक कित्येक टनांचं असतं आणि ते उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये गारठून बसतं. दारातून येत नाही. क्रेनने छतातून उतरवतात किंवा त्याच्यासाठी मुद्दाम सुटी ठेवलेली भिंत काढतात. त्याच्या खोलीला तांब्याचा पिंजरा घालावा लागतो, नाहीतर रेडिओच्या लहरी चित्रात घुसतात.

कर्करोगावरच्या प्रोटॉन यंत्राचा थाट आणखी मोठा. खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात बेल्जियमहून आलेलं असं यंत्र आहे. किरण अडवायला अशा खोल्यांच्या काँक्रीटच्या भिंती दोन-दोन मीटरहून जाड ठेवतात. आधी यंत्र ठरतं आणि त्याच्या मापाने इमारत बेतली जाते. म्हणूनच या धंद्यात सिमेंटवाल्याइतकाच यंत्रवाल्याचा शब्द चालतो.

१५. झाडाची किंमत, खड्ड्याचं पाणी

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. १९८४ मध्ये हे छापून आलं, तेव्हापासून रुग्णालयाच्या नकाशात बाग ही चैन राहिलेली नाही. खाट लवकर रिकामी झाली की पुढचा पेशंट लवकर येतो, हे झाडाचं अर्थशास्त्र.

बांगलादेशात साताखिरा जिल्ह्यातलं फ्रेंडशिप हॉस्पिटल याहून पुढे गेलं. भूजल खारट, म्हणून वास्तुकार काशेफ चौधरी यांनी पावसाचं पाणी साठवणारा कालवा इमारतीच्या मधूनच नेला. तोच कालवा बाह्यरुग्ण आणि आंतररुग्ण विभाग वेगळे करतो आणि वारा गारही करतो. साधी स्थानिक वीट, ८० खाटा, आणि पुरस्कार थेट ब्रिटनच्या वास्तुकार संस्थेचा आंतरराष्ट्रीय! डब्लिनकरांनी इथे एक सहल काढायला हरकत नाही.

१६. मदतीचा हात आणि एक वीट

देशही एकमेकांना इस्पितळं भेट देतात. मॉरिशसमध्ये, जिथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी कुटुंबं नांदतात, तिथे भारताच्या मदतीने कान-नाक-घशाचं शंभर खाटांचं रुग्णालय झालं आणि २०१९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. मालदीवची राजधानी मालेमध्ये इंदिरा गांधी स्मारक रुग्णालय तर नव्वदच्या दशकापासून उभं आहे.

घेण्याच्या बाजूला मदुराईचं एम्स. जानेवारी २०१९ मध्ये कोनशिला बसली, खर्चाचा मोठा वाटा जपानी कर्जातून यायचा होता आणि ते कर्ज २०२१ मध्ये ठरलं. तोवर तमिळनाडूत निवडणूक आली. द्रमुकचे उदयनिधी स्टॅलिन सभांमध्ये एक वीट उंचावून म्हणू लागले, हे बघा एम्स, मी घेऊन आलोय! जपानी कर्ज स्वस्त असतं, पण सावकाश चालतं.

मग जागा कुठे शिल्लक आहे?

जपान आणि दक्षिण कोरियात दर हजार माणसांमागे बारा-तेरा खाटा आहेत. ब्रिटनमध्ये अडीचही नाहीत. भारताने २०१७ च्या आरोग्य धोरणात हजारामागे दोन खाटांचं लक्ष्य ठेवलं आणि अजून आपण तिथवर पोचायचे आहोत. आपलं दार उघडं आहे. रुग्णालयांत शंभर टक्के परदेशी गुंतवणुकीला २००० पासूनच मोकळीक आहे. चीनने २०२४ मध्ये बीजिंग, शांघाय, तिआनजिनसकट नऊ ठिकाणी पूर्ण परदेशी मालकीच्या रुग्णालयांना परवानगी दिली आणि तिआनजिनमध्ये सिंगापूरच्या पेरेनियलने लगेच पाऊल टाकलं.

या धंद्यात हात घालावासा वाटला, तर वरच्या गोष्टींतून चार प्रश्न खिशात ठेवा. कर्ज कोणत्या चलनात आहे? (बँकॉकला विचारा.) इमारत कोणाची आणि भाडं किती? (मॅसॅच्युसेट्स.) ठेकेदार तग धरेल का? (लिव्हरपूल.) आणि हवा कोणी मोजली? (एडिंबरा.) चकचकीत माहितीपत्रकात यांची उत्तरं नसतात. तिथे काचेची इमारत, कारंजं आणि हसरी नर्स असते.

घर बांधून झालं की आपण वास्तुशांत करून पंगत उठवतो. इस्पितळाची वास्तुशांत मात्र पंचवीस वर्षांनी, शेवटचा हप्ता फिटल्यावर घालावी. तोवर आचाऱ्याला विसार देऊ नका.